शिळं नव्हे, आंबवलेलं

विंझर,
१२ फेब्रुवारी २०२५

रत्नावन्सं,

नमस्कार घ्या नाहीतर नका घेऊ, मी केलेला आहे. पाकीट बघून दचकू नका, कुणी गेलेलं नाही. सगळे जागच्या जागी आहेत. तुम्ही मोबाईलवर माझा नंबर बंद करून ठेवलाय, तुमच्या भावाचाही ठेवलाय, म्हणून पोस्टाची पायरी चढावी लागली. पोस्टातल्या माणसानं मला दोनदा विचारलं, "पत्रच ना? राखी तर नाही?" म्हटलं, राखी पाठवायची त्या बाईला आमची आठवण नाही.

विषय असा, की परवा आपल्या शाळेत आरोग्य शिबिर झालं. शिवानी नावाच्या तरुण डॉक्टरीणबाई आल्या होत्या. म्हातारपणी माणूस विसरायला का लागतं आणि ते लांबवता येतं का, यावर बोलल्या. म्हणाल्या, आपल्या पोटात जंतूंचं अख्खं गाव वसलेलं असतं. काही कष्टाळू, काही टवाळ. आणि पोटाचा नि मेंदूचा आतून निरोप चालू असतो. पोटातलं गाव नीट नांदलं तर मेंदूलाही बरं पडत असावं, असा शोध मोठमोठे लोक घेतायत. मग त्यांनी बायकांना विचारलं, घरात आंबवलेलं काय करता?

मी उठले आणि सांगितलं. नाचणीचं पीठ रात्री ताकात भिजवायचं, सकाळी शिजवून आंबील करायची, निवली की वरून ताजं ताक घालायचं. बाई म्हणाल्या, "अहो, हे तर फारच छान!"

माइकवर म्हणाल्या, वन्सं.

तीन वर्षांमागं तुम्ही आला होतात तेव्हा त्याच मडक्याचं झाकण काढून, नाकाला पदर लावून, ओट्यावर उभं राहून तुम्ही काय म्हणालात ते मी लिहीत नाही. बरं, लिहिते. "माझ्या आईला ही बाई शिळंपाकं घालती." अख्ख्या आळीनं ऐकलं. मग दुपारच्या एसटीनं नांदेडला निघून गेलात ते आजवर.

तर कळवायचं एवढंच, की ते शिळं नव्हतं, आंबवलेलं होतं.

तुमच्या आई, म्हणजे आमच्या आत्याबाई, ठणठणीत आहेत. शिबिराला त्यांनाही नेलं होतं, आपलं सहज. हल्ली कधीमधी चहात साखरेऐवजी मीठ पडतं त्यांच्या हातून. पण डबेच सारखे आहेत, त्याला त्या काय करणार? तुमचे भाऊ तो चहा पितात. टेम्पो काढायच्या घाईत त्यांना काही कळत नाही.

आपली (असं लिहायची पद्धत आहे),
नूतन


विंझर,
२४ मार्च

रत्नावन्सं,

उत्तर नाही. बरं. मी काही वाट बघत नव्हते. पोस्टमन दिसला की सहज बाहेर यायचे, इतकंच.

शिबिराचा गावावर भलताच परिणाम झालाय. बाई बोलल्या घटकाभर, गावानं ऐकलं एकच, की ताक प्या, विसरणार नाही. शेजारचे गेनबा तिन्ही त्रिकाळ तांब्या घेऊन आमच्या दारात. परवा वेल्ह्याच्या बाजाराला सायकलवर गेले आणि एसटीनं परत आले. सायकलची आठवण झाली तेव्हा मलाच म्हणतात, "आजचं ताक पातळ हुतं, नूतन." सायकल गेनबांनी विसरायची आणि बोल माझ्या ताकाला!

एक गोष्ट तुम्हाला कळवायची नव्हती, पण अर्धं सांगितलं की माझ्या पोटात दुखतं. मी डॉक्टरीणबाईंकडे परत गेले होते. त्या म्हणाल्या, शिजवल्यावर ते जंतू मरतात. म्हटलं, मग माझी आंबील? तर म्हणे, आंबील पचायला हलकी, खायलाच हवी, पण जिवंत जंतू मिळतात ते तुम्ही वरून घालता त्या ताकातून. म्हणजे जे बिचारे रात्रभर राबले ते सकाळी चुलीवर गेले, आणि मान ऐनवेळी आलेल्या ताकाला. आपल्या घरात बायकांचं होतं तसंच झालं त्यांचं.

शिवाय त्या असंही म्हणाल्या, की ताकानं विसरणं थांबतं असं आज कुणीच छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. काही अभ्यासांत थोडा फायदा दिसला, काहींत नाही दिसला. मी म्हटलं, "पण तुम्ही तर माइकवर छान म्हणालात." त्या म्हणाल्या, "छान म्हणाले, काकू. औषध नाही म्हणाले."

हे गेनबांना सांगितलेलं नाही.

तुमच्या भावानं मात्र जंतू फारच मनावर घेतलेत. मोबाईलवर कुठल्या तरी परराज्यातल्या बाईचा व्हिडिओ बघून गाजर, बीट आणि मोहरी पाण्यात आंबत घातलीय. तिला कांजी म्हणतात. रंग असा, की बरणीकडे बघून मांजर पळतं.

तुम्ही म्हणाल, ही डॉक्टरीणबाईंकडे परत कशाला गेली? माझा गुडघा दुखत होता.

नूतन


विंझर,
१९ एप्रिल

रत्नावन्सं,

तुमच्या भावाला काहीही झालेलं नाही. हे आधी लिहिते, कारण चेलाडी फाट्यावरून कुणी ना कुणी तुम्हाला कळवलंच असणार आणि त्यात रक्त असणार. ते रक्त नव्हतं, बीट होतं.

झालं असं. यांनी ती कांजी थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरली, टोपण गच्च आवळलं आणि बाटली टेम्पोत काचेपाशी ठेवली. येता-जाता घोट घोट घेणार होते म्हणे, मेंदूसाठी. चैत्रातलं ऊन, बंद केबिन आणि आत ते कष्टाळू जंतू कामाला लागलेले. फाट्यावर गाडी थांबली आणि बाटली फुटली. आवाज असा झाला, की समोरच्या वडेवाल्याचा झारा तेलात पडला.

हवालदार पळत आला. दार उघडून बघतो तर तुमचे भाऊ डोक्यापासून पोटापर्यंत लालभडक, स्टिअरिंगला धरून बसलेले. कुणी म्हणालं गोळी मारली, कुणी म्हणालं गाडी उचला, दवाखान्यात न्या. तेवढ्यात शेजारच्या सीटवरून आत्याबाईंनी गालावरचं एक बोटानं पुसलं, चाखलं आणि हवालदाराला म्हणाल्या, "मोहरी जास्त झालीया. मीठ न्हाईच."

हवालदार खाली बसला म्हणे हसत.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, असलं काही टोपण आवळून ठेवायचं नाही, वास वेगळा आला किंवा बुरशी दिसली तर प्यायचं नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला मनानं काही नवीन सुरू करायचं नाही. यांचा पांढरा शर्ट आता गुलाबी आहे. तोच घालून गाडीवर जातात. पोरं "जंतूकाका" म्हणून हाक मारतात.

आत्याबाई टेम्पोत कशा, असं वाटलं असेल. असंच. हवापालट.

नूतन


विंझर,
३ मे

रत्नावन्सं,

माझे गुडघे चांगले आहेत.

मागची दोन पत्रं लिहून झाल्यावर मला जेवण गोड लागलं नाही, म्हणून आता सरळ लिहिते. तुमच्या आईला विसरायला होतंय. मिठासाखरेपुरतं नाही. दुपारी जेवून उठतात आणि विचारतात, आज चूल पेटवली न्हाई का गं? गोठ्यात जातात आणि कशाला आलो ते आठवत नाही, मग म्हशीलाच विचारतात. मी डॉक्टरीणबाईंकडे गेले ती त्यांना घेऊनच गेले होते.

आणि त्या दिवशीचा हवापालट असा. सकाळी मी पाण्याला गेले आणि आत्याबाईंनी इरकली लुगडं नेसलं, पिशवीत दोन भाकरी घेतल्या आणि वडापच्या जीपमध्ये बसून थेट नसरापूर गाठलं. स्टँडवर उभ्या राहिल्या. आमची इकडं पळापळ. विहिरीत वाकून बघितलं मी, वन्सं. तिथं फळांची गाडी लावते ती शाहीन यांच्या ओळखीची, तिनं ओळखलं. तिनं यांना फोन केला, आत्याबाईंना सावलीत बसवलं, कलिंगड कापून दिलं आणि विचारलं, "आजी, कुणाची वाट बघताय?"

आत्याबाई म्हणाल्या, "शनवार हाय न्हवं? माझी रत्ना येनार भोरास्नं. शाळा सुटली आसंल. तिला येकटीला वेल्ह्याची गाडी घावत न्हाई."

तुम्ही भोरला मावशीकडे राहून शिकत होतात तेव्हाचं हे. तुम्हाला उतरवून घ्यायला त्या दर शनिवारी तिथं येऊन थांबायच्या, हे त्यांनी शाहीनला सांगितलं, तिच्याकडून कळेपर्यंत मला माहीत नव्हतं. मला इतक्या वर्षांत त्या कधी बोलल्या नाहीत. यांनी जाऊन त्यांना गाडीत बसवलं. त्या येईनात. शेवटी हे म्हणाले, "रत्ना फुडं फाट्यावर उतरलीया, तिकडं जाऊ." म्हणून चेलाडीला गाडी थांबवली होती. आणि मग बाटली फुटली. एका परीनं बरंच झालं. त्या गडबडीत तुम्ही आला नाहीत हे त्या विसरल्या.

तुम्ही या असं मी म्हणत नाही. मी सांगितलं, इतकंच.

नूतन


विंझर,
२८ जून

रत्नावन्सं,

तुमचं पार्सल पोचलं. आत एका ओळीचीही चिठ्ठी नाही, नुसत्या जंतूंच्या भुकटीच्या पुड्या. परदेशातल्या दिसतात, पाकिटावर एक हसणारी पांढऱ्या केसांची बाई आहे. पण वरचा पत्ता तुमच्या हातचा आहे. "सौ. नूतन" लिहिलंय. मी ते दोनदा वाचलं.

डॉक्टरीणबाईंना दाखवल्या. त्या म्हणाल्या, प्रत्येक पुडीतले जंतू वेगळे असतात, कुठला कशाला उपयोगी हे अजून नीट ठरलेलं नाही, यानं आठवण परत येईल असं समजू नका. पण आजींना हे दिलेलं चालेल. मग मी रोज सकाळी एक पुडी पाण्यात ढवळून आत्याबाईंच्या हातात द्यायला लागले. त्या "पिते गं" म्हणायच्या आणि पेला रिकामा करून द्यायच्या. मी खूश.

मग एकदा गोठ्याच्या दारातून बघितलं तर म्हैस पेल्यात जीभ घालून उभी आणि आत्याबाई तिला सांगतायत, "पी बया, नांदेडास्नं आलंय." यांचं म्हणणं आहे, म्हैस आता रानातून आपण होऊन घरी येते. पूर्वी गेनबांच्या गोठ्यात घुसायची.

तपासण्या झाल्या. आत्याबाईंच्या रक्तात बी-बारा नावाचं जीवनसत्त्व फार कमी निघालं. गळ्यात माळ असल्यानं मटणमासे नाहीत, आणि वर्षानुवर्षं त्या दुकानातल्या गॅसच्या गोळ्या खात होत्या, त्यानं पोटात ते नीट लागत नाही म्हणे. म्हणजे पोटाचा नि डोक्याचा संबंध निघालाच, पण माझ्या मडक्यात न निघता भलतीकडंच निघाला. इंजेक्शनं सुरू आहेत. हातापायाच्या मुंग्या थांबल्या, चाल सुधारली. दुसरं म्हणजे कान. त्यांना निम्मं ऐकूच येत नव्हतं. जे ऐकलंच नाही ते लक्षात कसं राहणार? आता कानाला मशीन बसवलंय. त्याचा तोटा असा, की मी स्वयंपाकघरात पुटपुटते तेही त्यांना कळतं.

एवढं करून जे विसरणं उरलंय ते खरं आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते पुसता येणार नाही, सावकाश करता येईल. रक्तदाब सांभाळा, चालवा, झोप बघा, ताक-पालेभाजी-कडधान्य चालू ठेवा. आणि माणसांत ठेवा, बोलतं ठेवा. हे शेवटचं त्यांनी माझ्याकडे बघून परत सांगितलं. मी म्हटलं, बाई, आम्ही दोघी सकाळपासून भांडतोच. त्या म्हणाल्या, चालेल.

नूतन


विंझर,
१० ऑगस्ट

रत्नावन्सं,

हे पत्र लिहू की नको, ठरत नव्हतं. दोनदा लिहून फाडलं. यांना विचारलं तर म्हणाले, "तुमचं तुमी बघा." एरवी सगळ्यात तोंड घालतात.

परवा पाऊस जरा उघडला होता. लावणी उरकून मी घरी आले, हातपाय धुतले आणि चुलीपुढं भाकरी थापायला बसले. आत्याबाई आल्या, दाराकडे बघितलं, माझ्याजवळ टेकल्या आणि हळूच म्हणाल्या, "रत्ने, दार लाव. ती ऐकंल."

मी म्हटलं, "कोण?"

"कोन काय? आपली नूतन."

मला आधी हसू आलं. मग वाटलं, बघू तरी. मी उठून दार लावलं. म्हटलं, "काय झालं, आई?" आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आई म्हटलं.

"जीव खाती माजा," त्या म्हणाल्या. "चाला म्हनती. सुई घ्या म्हनती. कानात ह्ये किडूक घालून ठिवलंय. आन् सकाळ-सकाळ आंबाट पेज म्होरं."

"शिळी असते का?"

"शिळी कशानं? ताजी आसती. म्याच शिकिवली तिला. माज्या आईची आंबील हाय ती."

वन्सं, तेव्हा ओट्यावर तुम्ही म्हणाला होतात, आईनंच फोनवर सांगितलं. म्हटलं, "मग आई, तुम्हीच तर फोनवर सांगितलं होतं ना मला, की नूतन शिळं घालते म्हणून?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मीच जरा कमी शहाणी आहे. "तसं सांगितल्याबिगार तू कुठं येतीस? बरी हाय म्हनलं की म्हनतीस, बरं हाय तर मग. सुनंचं गाऱ्हानं केलं की तिसऱ्या दिशी दारात हुबी. आलीस का न्हाई तवा?"

"आले."

"मग."

मग, म्हणाल्या! इतकंच. तीन वर्षं तुम्ही नांदेडला रागानं फुगून, तीन वर्षं मी हितं अपमानानं जळून, आणि जिनं हे लावून दिलं ती कलिंगड खाऊन मोकळी. तुम्हाला खोटं सांगितलं, मला बोल बसला, आणि आता रागवावं तर कुणावर? त्यांना तर नंतर तासाभरात हे बोललेलंही आठवलं नाही.

मला राग आला होता, लपवत नाही. म्हणून मी जरा वाकडं विचारलं. म्हटलं, "एवढा त्रास देते ना ती? चला मग माझ्यासंगं नांदेडला. कायमच्या."

तर लगेच मागं सरल्या. "नगं बाई. तुज्या तिकडं पिशवीतलं दही. त्येच्या ताकाला चव ना ढव. आन् ही येकली पडंल हितं."

"कोण एकटी पडेल?"

"नूतन गं. कुमार दिसभर टेम्पोवर. तिला माज्याबिगार कोन हाय भांडायला?"

तव्यावरची भाकरी जळली. धूर झाला म्हणून डोळ्यांत पाणी आलं, असं मी यांना सांगितलं. तुम्हाला काय वाटेल ते समजा.

तेव्हापासून संध्याकाळी बहुतेक वेळा मी रत्ना असते. सकाळी नूतन. सकाळच्या शिव्या आणि संध्याकाळचं कौतुक, दोन्ही मीच ऐकते. पण वन्सं, तुमच्या लहानपणीचं त्या काही विचारतात तेव्हा मला उत्तर येत नाही. "आठवतंय का, ओढ्याला पूर आला तवा तू काय म्हनलीस?" मी म्हणते, "काय म्हणाले?" त्या म्हणतात, "इसरलीस?" आणि त्यांचं तोंड उतरतं. मी तुमच्या जागी बसू शकते, तुमची आठवण कुठून आणू? ती तुम्हीच आणायला हवी.

म्हणून आता म्हणते. या.

नूतन


विंझर,
२५ सप्टेंबर

वन्सं,

सुखरूप पोचल्याचं फोनवर कळलं. नंबर सुरू केलात ते बरं केलं. तरी पत्र लिहितेय, कारण फोन करायला घेतला की आत्याबाई शेजारी येऊन बसतात आणि ते मशीन फारच चांगलं आहे.

आधी माफी. तुम्ही पिशव्या घेऊन अंगणात उभ्या, आणि आत्याबाई माझा दंड धरून विचारतायत, "ह्या बाई कोन?" तुमचा चेहरा मी बघितला. त्यांचाही बघितला. काहीतरी मोठं हातातून निसटलंय एवढंच त्यांना कळत होतं, काय ते सापडत नव्हतं, आणि त्या घाबरल्या होत्या. मला दुसरं काही सुचलंच नाही. "ही नूतन, आई," असं तोंडातून गेलं. त्यांचा जीव भांड्यात पडला. "हां, नूतन व्हय? मग हुबी काय? पानी आन."

आणि तुम्ही पिशव्या खाली ठेवून पाणी आणायला गेलात. मला वाटलं होतं, माघारीच फिराल.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण माझ्या बाजूनं कसं दिसलं ते ठाऊक नाही. तुम्ही नऊवारी खोचून शेण काढताय, आत्याबाई ओट्यावरून ओरडतायत, "नूतन, कोपऱ्यातलं ऱ्हायलं," आणि मी माहेरवाशीण म्हणून पाटावर. त्यांनी स्वतः माझ्या डोक्याला तेल लावलं. भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला. मी उठायला लागले की, "बस गं, सासरी राबतीसच." माझे आईवडील गेले त्याला किती काळ झाला. माहेरपण हा शब्दच मी विसरले होते. तो मला माझ्याच सासरी मिळाला, आणि तेवढा वेळ माझी कामं तुम्ही केलीत. सुरुवातीला मी खिडकीतून हसत होते. नंतर नाही हसले.

तुम्ही ताक घुसळलंत त्याला आत्याबाईंनी नाव ठेवलं, तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "तू हे रोज ऐकतेस?" त्या एका वाक्यावर मी तीन वर्षांचं सोडून दिलं.

आणि शेवटच्या सकाळचं. तुम्ही त्यांच्या पायाशी बसून तांदूळ निवडत होतात. मागून त्यांनी तुमचे केस हातात घेतले, वेणी घालायला म्हणून, आणि हात थांबला. "रत्ने," म्हणाल्या, "किती गं क्यास गेलं तुजं." मी दारात होते. तुम्ही मागं वळला नाहीत. वळलात तर ते मोडेल असं तुम्हाला वाटलं असणार. मी आत निघून गेले. वेणी घालून होईपर्यंत त्या तुमच्याशी काय काय बोलल्या ते मी ऐकलेलं नाही आणि विचारणारही नाही. ते तुमचं.

बाहेर आले तेव्हा त्या तुम्हाला परत नूतन म्हणत होत्या, आणि तुम्ही डोळे पुसत हसत होतात.

आता इथली खबर. इंजेक्शन महिन्यावर आलंय. रोज शाळेपर्यंत चालतो. गेनबांनी सायकल साखळीनं दाराला बांधलीय, किल्ली कुठं ठेवली ते शोधतायत. यांनी कांजीचं नाव सोडलंय, आता घरात ढोकळ्याचं पीठ आंबतंय. शिजवल्यावर जंतू मरतात हे मी त्यांना सांगितलेलं नाही, ढोकळा चांगला होतो.

काल दुपारी आत्याबाई ओट्यावर ताक पीत बसल्या होत्या. बराच वेळ रस्त्याकडे बघत होत्या. मग मला म्हणाल्या, "ती बाई गेली का गं?"

म्हटलं, "कोणती?"

"आलती न्हाई का, कामाला? शेण बरं काढायची. ताक पानचट करती, पर मानूस चांगलं." पेला खाली ठेवला. "तिला परत बोलीव. आपल्या रत्नावानी दिसती जरा."

मी म्हटलं, "बोलावते."

दिवाळीला या, आणि चार दिवस जास्तीचे काढून या. चांगली साडी आणू नका.

तुमची,
नूतन